घरच्या कारखान्यातील ओझे

बेळगावचे नाव निघाले म्हणजे कुणाला कुंदा आठवतो, कुणाला भुईकोट किल्ला. परंतु या शहराची आणखी एक ओळख आहे आणि ती कानांना पटते. उद्यमबागेच्या बाजूस फौंड्रीत बीड ओतले जाते, आणि त्या ओतीव भागांवर काम करणाऱ्या लेथ, ड्रिल व मिलिंग यंत्रांचा आवाज केवळ मोठ्या शेडांतूनच नव्हे, तर कित्येक घरांच्या पडवीतून आणि परसातूनही ऐकू येतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली, त्यापूर्वीचा त्यांचा उद्योग याच गावी सायकलींच्या दुकानापासून सुरू झाला होता. यंत्राचे वेड या भूमीला नवे नाही. आमच्या शाळेतील कितीतरी विद्यार्थ्यांचे वडील वा काका घरीच एखादे कातयंत्र, म्हणजेच लेथ, ठेवून त्यावर आपला प्रपंच चालवितात, आणि शाळा सुटल्यावर मुलेही हाताखाली उभी राहतात.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर व व्यवसायाने भाषेचे शिक्षक. यंत्रांविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे कुणी विचारील. परंतु वर्गात हजेरी घेताना आमची दृष्टी जशी मुलांच्या चेहऱ्यांवर जाते तशी ती त्यांच्या हातांवरही जाते. गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने सहामाही परीक्षेचे पेपर डाव्या हाताने लिहिले. उजव्या हाताची दोन बोटे लेथचा चक उतरविताना चक आणि बेड यांच्यामध्ये सापडली होती. सुदैवाने बोटे वाचली. पण अक्षर आजही पूर्वीसारखे वळणदार येत नाही. ज्याला अक्षर शिकवावयाचे त्याची बोटेही राखावयाची, या भावनेने आम्ही जाणत्या कारागिरांकडे बसून या विषयाची माहिती घेतली. विज्ञानाच्या पुस्तकातील तरफ, कप्पी आणि गुरुत्वमध्य हे धडे तेथे आम्हांस नव्याने वाचावयास मिळाले. तेच येथे क्रमाने मांडीत आहोत.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. मोठ्या कारखान्यात ओझे उचलण्याविषयी कायद्याचा धाक असतो. आपल्या देशात १९४८ साली झालेल्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमाने, इजा होईल इतके जड ओझे कामगाराकडून उचलवून घेण्यास मनाई केली. आणि २९ व्या कलमाने उचलण्याची यंत्रे, साखळ्या व दोर यांची १२ महिन्यांतून निदान एकदा जाणत्या माणसाकडून तपासणी करविणे बंधनकारक केले. घरच्या कारखान्यात मात्र असा निरीक्षक येत नाही. तेथे मालक, कामगार आणि तपासनीस हे तिन्ही एकच. आणि ओझ्याचे दुसरे टोक धरावयास पुष्कळदा घरातील माउली किंवा शाळकरी मुलगा. म्हणूनच जे नियम कारखान्यात कायदा पाळावयास लावतो ते घरात बुद्धीने पाळावे लागतात.

यातील पहिला नियम असा, की ज्याचे वजन ठाऊक नाही ते उचलू नये. आपल्या डोळ्यांना वजनाचा अंदाज येतो तो पाण्याच्या, धान्याच्या वा लाकडाच्या सवयीने. बिडाच्या बाबतीत तो अंदाज पार चुकतो. पंधरा लिटर पाणी मावणारी घागर भरली तर पाण्याचे वजन १५ किलो होते. त्याच आकारमानाचा बिडाचा भरीव गोळा घेतला तर तो सुमारे १०८ किलो भरेल. कारण बीड पाण्याच्या सुमारे ७.२ पट जड आहे, आणि पोलाद तर सुमारे ७.८५ पट. घागर कमरेवर घेणारा माणूस तेवढ्याच आकाराच्या बिडाला हात घालतो, आणि अर्धे उचलल्यावर त्याला सत्य उमगते. तोवर उशीर झालेला असतो, कारण अर्धवट उचललेले ओझे खाली ठेवणे हे ते उचलण्याहून कठीण असते.

हे वजन काढण्यास तराजू लागत नाही. सातवीचे गणित पुरते. वस्तूची लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा, त्यास १००० ने भागावे, म्हणजे लिटरमध्ये घनफळ येते, त्यास ७.२ ने गुणावे, म्हणजे बिडाचे किलो येतात. पन्नास सेंटीमीटर लांब, २० रुंद आणि १० जाड असा भरीव बिडाचा ठोकळा घ्या. घनफळ १० लिटर, वजन ७२ किलो. दिसावयास तो बसण्याच्या पाटाएवढा, वजनात मात्र एका धडधाकट माणसाएवढा! गोल वस्तूसाठी त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले जाडी हे सूत्र आहेच. वीस सेंटीमीटर व्यासाचा आणि साडेसात सेंटीमीटर जाडीचा लेथचा चक भरीव धरला तर तो सुमारे १७ किलोचा भरतो. मधले भोक वजा केल्यास थोडा कमी. परंतु अशा हिशेबात कमीकडे न झुकता अधिकाकडे झुकावे. कागदावर चार किलो अधिक धरल्याने कुणाचे नुकसान होत नाही.

वजन कळले की दुसरा प्रश्न येतो: एवढे वजन माणसाने उचलावे काय? अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९९१ साली सुधारून दिलेल्या गणितात, सर्व परिस्थिती अनुकूल असताना दोन्ही हातांनी उचलावयाच्या भाराची शिफारस २३ किलो इतकी आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुष कामगारासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचविली होती. यांतील दुसरा आकडा शेवटची सीमा म्हणून सांगितलेला. पहिला पाठीच्या कण्याचा विचार करून काढलेला. घरच्या कारखान्यात पहिलाच आकडा मनात धरावा, आणि वाढत्या वयाच्या मुलांनी तर त्याच्याही पुष्कळ खाली राहावे.

कण्याचा हा हिशेब समजण्याजोगा आहे. आपली पाठ हीही एक तरफच. टेकू म्हणजे कमरेजवळील मणके, आणि ओझे तोलून धरणारे स्नायू त्या टेकूच्या मागे केवळ सुमारे ५ सेंटीमीटर अंतरावर. आता २० किलोचा भाग हात लांब करून कण्यापासून ५० सेंटीमीटरवर धरला, तर २० गुणिले ५० म्हणजे १०००. त्यास ५ ने भागले की २००. म्हणजे हातात २० किलो असता पाठीच्या स्नायूंना सुमारे २०० किलोचा ताण द्यावा लागतो, आणि वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन वेगळेच. तोच भाग पोटाशी धरून अंतर २५ सेंटीमीटर केले की ताण निम्म्यावर येतो. ओझे अंगाशी घ्यावे, गुडघ्यांत वाकावे, आणि ओझे हातात असता कंबर न वळविता पावले वळवावीत, हा वडीलधाऱ्यांचा उपदेश या साध्या भागाकारावर उभा आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य वाटते. आमच्या भागात तालमीची परंपरा मोठी. जत्रेत जड धोंडा उचलण्याच्या पैजा लागतात आणि ज्याने तो खांद्यापार नेला त्याला फेटा मिळतो. ही कला आदरणीय आहे. परंतु पैजेचा धोंडा आणि यंत्राचा भाग यांत एक मोठा फरक आहे. धोंडा हातून सुटू लागला की पैलवान तो खुशाल टाकून मागे सरतो; खाली माती असते आणि धोंड्याचे काही बिघडत नाही. यंत्राचा भाग महागाचा असतो. तो सुटू लागला की माणूस नकळत त्याला धरावयास जातो, आणि नेमकी तेथेच बोटे, पाऊल आणि कधी कधी प्राण गमावले जातात. म्हणून दुसरा नियम पहिल्याइतकाच थोर आहे: पडणारे यंत्र पडू द्यावे. बिडाला तडा गेला तर दुसरे बीड ओतता येते. यंत्र विकत मिळते, बोट मिळत नाही.

तिसरा नियम हा, की जे सुटे करता येते ते सुटे करावे. लेथ हलवावयाचे असेल तर मोटर, टेलस्टॉक, चक, कंपाउंड रेस्ट हे भाग आधी काढावेत. प्रत्येक भाग उतरला की मुख्य ओझे घटते, आणि सुटा भाग एकट्याला वा दोघांना झेपेल असा होतो. बोल्ट आणि वॉशर डब्यांत घालून डब्यांवर नावे लिहावीत. या कामास अर्धा दिवस अधिक लागतो. परंतु घाईने अर्धा दिवस वाचवून महिनाभर खाटेवर पडणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

आता ज्या कामात आमच्या विद्यार्थ्याची बोटे सापडली ते काम पाहू. कारण घरच्या कारखान्यात तेच सर्वांत वारंवार होते. चक उतरविण्यापूर्वी यंत्राची केवळ कळ नव्हे, तर भिंतीवरील मुख्य स्विच बंद करावा. नंतर चकच्या खाली, बेडवर, लाकडाचा ठोकळा ठेवावा. त्याच्या वरच्या बाजूस चकच्या गोलाईस जुळेल अशी खोबण कोरलेली असावी, आणि उंची अशी असावी की चक त्यावर अलगद टेकेल. असा ठोकळा आंब्याच्या वा सागाच्या लाकडाचा एकदा करून ठेवला की जन्मभर पुरतो. शिवाय चकच्या जबड्यांत एक गोल सळई घट्ट धरावी व तिचे दुसरे टोक स्पिंडलच्या पोकळीत शिरलेले असू द्यावे. चक सैल झाला तरी सळई त्याला एकदम खाली येऊ देत नाही. मग चक स्पिंडलपासून सुटा करून ठोकळ्यासकट बेडवरून टेलस्टॉकच्या बाजूस सरकवावा, आणि बेडच्याच उंचीच्या टेबलावर वा गाड्यावर ओढून घ्यावा. या सर्व क्रियेत चक हातावर तोलण्याचा क्षण येतच नाही. बोटे चकच्या बाजूंना असावीत, खाली कधीही नसावीत.

हेच तत्त्व मिलिंग यंत्राच्या शेगड्यास लागू पडते. शेगडा जमिनीवरून उचलून यंत्राच्या टेबलावर चढविण्याऐवजी तो चाकांच्या गाड्यावर ठेवावा, यंत्राचे टेबल हँडल फिरवून गाड्याच्या उंचीला आणावे, आणि शेगडा सरकवावा. ज्या यंत्राला वर-खाली होणारे टेबल आहे त्याच्याजवळ उचलण्याचे साधन आयतेच आहे. ते न वापरता पाठ वापरणे म्हणजे दारात विहीर असता नदीवर पाण्यास जाणे होय.

ज्यांचे वजन शेकड्यांत आहे अशा भागांची गोष्ट वेगळी. सहा फुटी बेडचे लेथ अर्ध्या टनाच्या आसपास किंवा त्याहून अधिकच भरते. अशा वस्तूच्या बाबतीत 'उचलणे' हा शब्दच मनातून काढावा. ती एका टोकास किंचित वर करावी, खाली काही सारावे, आणि मग सरकवावी. येथे पहारीचा उपयोग होतो. दीडशे सेंटीमीटर लांबीची पहार घेऊन तिच्या टोकापासून १० सेंटीमीटरवर कठीण लाकडाचा टेकू दिला, तर आपल्या बाजूस १४० सेंटीमीटर उरतात. म्हणजे लाभ १४ पट. आपण २० किलोचा जोर दिला की पलीकडे २८० किलो उचलले जातात. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. आपला हात ४२ सेंटीमीटर खाली येतो तेव्हा यंत्र अवघे ३ सेंटीमीटर वर होते. आणि हे आपल्या हिताचेच आहे. कारण जे ३ सेंटीमीटर वर गेले ते फार तर ३ सेंटीमीटर खाली पडेल.

कारागिरांचा दंडक असा, की जितके वर जाईल तितके लगेच खाली लाकूड सारावे. एक सूत वर गेले तर एक सुताची फळी, एक इंच गेले तर इंचाची. ठोकळे एकावर एक उभे-आडवे, चौकडीसारखे रचावेत. एकच उंच ठोकळा उभा करू नये, तो कलंडतो. ठोकळा सारताना तो बाजूंनी धरावा किंवा काठीने ढकलावा, हात यंत्राच्या खाली जाऊ देऊ नये. जॅक लावला असेल तरीही हाच नियम. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. त्याच्या भरवशावर यंत्राखाली शिरणारा माणूस आपला जीव एका रबरी वायसरावर टांगतो.

एवढे वर झाले की खाली लोखंडी नळ्या घालून यंत्र लोळवीत नेता येते. आम्ही मूळचे किनाऱ्याकडील. कारवारच्या व गोमंतकाच्या वाळूवर मच्छीमार होडी वर ओढताना तिच्या तळाशी ओंडके घालतात, मागे मोकळा झालेला ओंडका पुढे आणून ठेवतात आणि होडी पुढे जाते. लेथ नेण्याची रीत याहून निराळी नाही. नळ्या एकाच व्यासाच्या असाव्यात. निदान तीन यंत्राखाली आणि एक पुढे तयार असावी. खाली फळ्या अंथराव्यात, नाहीतर शहाबादी फरशीवर एकाच जागी भार येऊन ती फुटते आणि नळी खड्ड्यात अडकते. वाकडी झालेली नळी हातोड्याने ठोकून सरळ करावी, पायाने कधीही नव्हे. चप्पल घालून हे काम करणाऱ्याने आपली नखे देवावर सोडली असे समजावे. यासाठी लोखंडी टोपीचे बूट मिळतात. जमीन उतरती असेल तर मागून दोर बांधून तो खांबाला वेढा देऊन धरावा, आणि उताराच्या बाजूस कुणीही उभे राहू नये. लाकडी माळ्यावर वा जुन्या तक्तपोशीवर असे यंत्र चढविण्याचा विचारही करू नये.

कधी कधी मात्र वस्तू खरोखरच टांगावी लागते. उदाहरणार्थ गाडीतून उतरविताना, किंवा हेडस्टॉक बेडवर बसविताना. अशा वेळी साखळी-कप्पी, जिला कारखान्यात चेन ब्लॉक म्हणतात, ती कामास येते. तिचा मोठा गुण हा, की हातातील साखळी सोडली तरी भार जेथे असेल तेथेच थांबतो. विहिरीच्या रहाटासारखा घसरत खाली येत नाही. तिच्यावर किती टन उचलावयाचे तो आकडा कोरलेला असतो, आणि तो ओलांडावयाचा नसतो. परंतु कप्पी एक टनाची असली तरी ती टांगली कशाला, हा खरा प्रश्न आहे. मंगलोरी कौलांच्या घराची तुळई कौलांचा भार पेलण्यासाठी घातलेली असते. स्लॅबमधील पंख्याचा हूक पंख्यासाठीच असतो. यांना लेथ टांगणे म्हणजे छप्परच खाली बोलावणे होय. यासाठी जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट किंवा गॅरेजमध्ये इंजिन काढावयास वापरतात ती चाकांची हायड्रॉलिक क्रेन भाड्याने आणावी. या क्रेनचा बाहू लांब केला की तिची शक्ती घटते. बाहूवरील प्रत्येक भोकापाशी त्या लांबीचा आकडा असतो, तो वाचावा. आणि भार टांगलेला असता क्रेन सरकवावयाची तर भार जमिनीपासून बोटभरच उंच ठेवावा.

भार टांगण्यास काथ्याचा दोर किंवा अंगणातील वाळणीची दोरी वापरू नये. तिची शक्ती किती, हे कुणासच सांगता येत नाही. हल्ली विणलेले पॉलिएस्टरचे पट्टे मिळतात. त्यांच्या प्रचलित रंगखुणांप्रमाणे जांभळा पट्टा १ टनाचा, हिरवा २ टनांचा व पिवळा ३ टनांचा असतो, आणि शिवलेल्या चिठ्ठीवरही तो आकडा लिहिलेला असतो. चिठ्ठी फाटून गेलेला, कड कापलेला वा जळका डाग पडलेला पट्टा उचलण्यास अपात्र समजावा. पट्ट्याचा फास करून वस्तू आवळली तर त्याची शक्ती पाचव्या हिश्शाने कमी धरतात. बिडाच्या धारदार कोपऱ्यावर पट्ट्याखाली जाड रबर वा दुमडलेले गोणपाट घालावे. वस्तूत आय-बोल्ट बसविला असेल तर त्याचा खांदा पूर्णपणे टेकलेला असावा आणि ओढ शक्य तितकी सरळ वर असावी. तिरक्या ओढीने तो वाकतो.

पट्ट्यांच्या कोनाची गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. पाण्याने भरलेली बादली दोघांनी मिळून दोन दोरांनी धरली तर जवळजवळ उभे असता ती हलकी वाटते. एकमेकांपासून दूर सरत गेले की दोन्ही हात ताणू लागतात, जरी पाणी तेवढेच असते. टांगलेल्या भाराचेही असेच. दोनशे किलोचा भाग दोन पट्ट्यांवर सरळ टांगला तर प्रत्येकावर १०० किलो येतात. पट्टे जमिनीशी ६० अंशांचा कोन करीत असतील तर प्रत्येकावर सुमारे ११५, ४५ अंशांचा असेल तर सुमारे १४१, आणि ३० अंशांवर तर पूर्ण २०० किलो! म्हणजे दोन पट्टे असूनही प्रत्येकावर जणू सारा भार. म्हणून पट्टे लांब घ्यावेत आणि कोन ६० अंशांहून कमी होऊ देऊ नये. वरच्या हुकाशी दोन्ही पट्टे मिळून समभुज त्रिकोण होतो तेथे हा कोन ६० अंशांचाच असतो. डोळ्यांनी ओळखण्याची ही सोपी खूण.

यानंतर गुरुत्वमध्य. टांगलेली वस्तू आपला गुरुत्वमध्य हुकाच्या नेमका खाली आणते. तो आधीच तेथे नसेल तर ती झोकांडी खाते. लेथचे वजन हेडस्टॉकच्या बाजूस अधिक असते, म्हणून मधोमध पट्टा घातला तर ते बाजू कलून निसटते. पट्टा हेडस्टॉककडे घ्यावा, आणि सॅडल व टेलस्टॉक काढले नसतील तर ते दुसऱ्या टोकास सरकवून घट्ट आवळावेत. उभ्या ड्रिल यंत्राचे डोके व मोटर वर असल्याने ते सहज कलंडते. त्याचे डोके आधी खाली आणून पक्के करावे. मग भार दोन सूत, फार तर बोटभर वर घ्यावा आणि थांबावे. पट्टा सरकतो का, वस्तू कलते का, चौकट कुरकुरते का, हे पाहावे. शंका आली तर खाली टेकवून पुन्हा बांधावे. यात कमीपणा नाही. आणि टांगलेल्या भाराखाली हात, पाय वा डोके क्षणभरही नेऊ नये. वस्तू वळवावयाची झाली तर तिला बांधलेल्या दोरीने दुरून वळवावी.

शेवटी माणसांविषयी. दोघे-तिघे मिळून काम करीत असता हुकूम एकाचाच असावा. 'उचला' म्हणणारा एक, पण 'थांबा' म्हणण्याचा हक्क मात्र प्रत्येकाला, अगदी दाराशी उभ्या असलेल्या लहान मुलालाही. काम सुरू करण्यापूर्वी वस्तू कोठे जाणार, कोणत्या वाटेने जाणार आणि सुटली तर कोण कोणीकडे सरणार, हे बोलून घ्यावे. वाट झाडून घ्यावी. तेलाचा एक थेंब आणि पत्र्याचा एक कीस पुरे होतो. बोटांतील अंगठ्या काढाव्यात. रात्री उशिरा, थकल्यावर, ट्रकवाला घाई करतो म्हणून, असली कामे करू नयेत. आमच्या कोकणीत 'सवकास' असा एक शब्द आहे. मराठीतील 'सावकाश'चा तो सख्खा भाऊ. घरातून बाहेर पडणाऱ्यास आमच्याकडे वडील मंडळी तो शब्द हटकून ऐकवितात. अवजड बिडापुढे उभे राहणाऱ्यानेही तो स्वतःला ऐकवावा.

वडिलांना मुलगा शहाणपण शिकवू लागला तर ते बरे दिसत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून विद्यार्थ्यांना एक निराळे काम सांगतो, ज्यात उपदेश नाही आणि गणिताचा सराव मात्र आहे. येत्या सुटीत मोजपट्टी व वही घेऊन घरच्या कारखान्यातील प्रत्येक सुटा होणारा भाग मोजा. चक, शेगडा, टेलस्टॉक, मोटर, सगळे. बिडाच्या व पोलादाच्या भागांचे वजन वर दिलेल्या रीतीने काढा. मोटरच्या आत तांबे आणि पोकळी दोन्ही असल्याने तिच्यासाठी रद्दीवाल्याचा काटा मागून घ्या. मग पांढरा रंग व बारीक कुंचला घेऊन प्रत्येक भागावर त्याचे किलो ठळक आकड्यांनी लिहा. वीस किलोंच्या वरच्या आकड्याभोवती तांबडे वर्तुळ काढा. एवढे झाले की पुढच्या वेळी त्या भागाला हात घालणारा, मग तो कुणीही असो, आकडा वाचून क्षणभर थांबेल आणि ठोकळा, पहार वा दुसरा माणूस शोधील. तो एक क्षणच बोटे वाचवितो. आकडे मात्र वळणदार लिहा. भाषेच्या शिक्षकाची तेवढी अपेक्षा आहे.